भांगातली कामं

आमच्या घरात भांग हा शब्द पुल्लिंगी आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण एवढी एक गोष्ट मी वेळेवर सांगितली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास खाडीचं पाणी अंगावर येतं ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास ते ना धड चढत ना धड उतरत, तो भांग. बांधाची डागडुजी भांगात करायची आणि उधाणात नुसती बांधावर नजर ठेवायची, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही.

आमचं गाव धरमतरच्या खाडीच्या कडेला, खारेपाटात. भाताची जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आणि मधे मातीचा बांध. बांधात एक उघाडी आहे, म्हणजे मोठी लोखंडी झडप. ओहोटी लागली की झडप साखळीने वर ओढून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती यायच्या आत ती पाडायची. पाडायला उशीर झाला तर खारं पाणी शेतात शिरतं, आणि ते एकदा बसलं की त्या खाचरातलं भात दोन-तीन वर्षं विसरायचं. ही झडप आमची आत्या सांभाळते.

आत्या लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परत आली. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही. आजोबांचे हात थकले तेव्हा साखळी तिच्या हातात आली. त्या वेळी गावकी तिला सुगीला घरटी पायलीभर तांदूळ द्यायची. पुढे बांध सरकारी झाला तशी पायली बंद झाली. आता सरकार बघेल, असं गावकीचं म्हणणं. झडप मात्र आत्याकडेच राहिली, कारण ती कुणाच्या ताब्यात द्यायची हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी तिला एकदा विचारलं, सोडून का देत नाहीस?

"सोरून कोनाच्या हातात देऊ, बाय?" ती म्हणाली.

तेव्हा मी हसले होते. मी कॉलेजात होते, मुंबईला जायची स्वप्नं बघत होते, आणि कुणी कशात अडकून पडतं म्हणजे तो त्याचाच वेंधळेपणा, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

एमएस्सीला प्रकल्प करायचा होता. बाकीची मुलं-मुली बँका आणि दुकानांसाठी काहीबाही बनवत होती. मी उघाडीच्या भिंतीवर ऑइलपेंटने पट्ट्या मारल्या आणि आत्याला म्हटलं, रोज दोन्ही भरत्यांना पाणी कुठल्या पट्टीपर्यंत आलं ते मला लिहून ठेव. तिने दिनदर्शिकेच्या चौकोनात, तिथीच्या बाजूला, आकडे लिहायला सुरुवात केली. त्या आकड्यांवर, भरती-ओहोटीच्या तक्त्यावर आणि एका संस्थेच्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या वाऱ्याच्या नोंदींवर मी एक सॉफ्टवेअर लिहिलं. ते दोनच गोष्टी सांगायचं: आजचं पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली राहील, आणि झडप किती वाजेपर्यंत पाडायला हवी. परीक्षकांनी बरे मार्क दिले. काम तिथेच संपायला हवं होतं.

पण मी ते सगळं इंटरनेटवर उघडं ठेवलं. ओपन सोर्स. कुणीही घ्यावं, बघावं, बदलावं, वापरावं. आत्याला मी समजावलं की हे आपल्या उघाडीसारखंच आहे, फक्त पाडायची नसते. ती म्हणाली, "मंग खारा पानी येल की." तिला मी अडाणी समजले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

वर्षभरात बंगालच्या त्रिभुज प्रदेशात काम करणाऱ्या एका संशोधकाचा ईमेल आला. त्याला तिकडच्या बांधांसाठी हे वापरायचं होतं. मग व्हिएतनाममधल्या एका विद्यापीठातून. मग आणखी दोन ठिकाणांहून. मी इतकी हरखले की प्रत्येकाला पानपानभर उत्तरं लिहिली. त्यानंतर हळूहळू ईमेलांचा सूर बदलला. नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. या महिन्यापासून आकडा चुकतोय. आमच्या विद्यार्थिनीचा प्रबंध पुढच्या आठवड्यात आहे, कृपया लगेच बघाल का. आणि मी बघायचे. मी तेव्हा अलिबागला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि सुट्टी लागली की तोही नाही. तास संपवून घरी यायचे, पडवीत बसायचे आणि कुणा परक्या माणसाच्या प्रबंधासाठी चुका शोधायचे. सॉफ्टवेअर बांधासारखंच असतं. तुम्ही काही केलं नाही तरी ते बिघडतं, कारण आजूबाजूचं सगळं हलत असतं.

आणि गावात, मला कळायच्या आत, आत्याही त्याच्यावर अवलंबून राहायला लागली. ती पूर्वी बोटांवर मोजायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मी तिच्या फोनवर सॉफ्टवेअर टाकून दिलं तशी ती बोटं मोजायची थांबली. मला त्याचा अभिमान वाटायचा.

पैशाशिवाय हे चालणार नाही हे कळायला मला चार वर्षं लागली. मला फार नको होतं. आठवड्यातले दोन दिवस तास न घेता हेच काम करता आलं असतं तरी पुरे होतं. मी अर्ज करायला लागले आणि मला एक नवीनच भाषा शिकावी लागली. प्रत्येक अर्जात एक रकाना असायचा: तुमच्या प्रकल्पात नवीन काय आहे? मी पहिल्या अर्जात खरं लिहिलं की नवीन काही नाही, जे आहे ते चालू ठेवायचं आहे. उत्तर आलंच नाही. दुसऱ्या अर्जात मी कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल दोन परिच्छेद लिहिले. त्याची मला आजही लाज वाटते, कारण पोच लगेच आली, आणि अर्ज फेटाळला तो दुसऱ्याच कारणासाठी: मी संस्था नव्हते. कॉलेजकडे गेले तर प्राचार्य म्हणाले, कायम नोकरीतला माणूसच प्रकल्पप्रमुख होऊ शकतो. कायम नोकरीतल्या सरांकडे गेले तर ते म्हणाले, प्रमुख मी होतो, पण मग त्याचं रूप थोडं मोठं करू, एक केंद्र काढू. मला केंद्र नको होतं.

एका मोठ्या कारखान्याच्या समाजकार्य विभागातल्या गृहस्थांनी मला बोलावून चहा पाजला. त्यांना कल्पना आवडली. मग त्यांनी विचारलं की याचा फलक कुठे लावता येईल. मी म्हटलं, सॉफ्टवेअरला फलक नसतो. ते म्हणाले, मग उघाडीला रंग देऊ या का? माझा पारा चढला, पण चहा त्यांचा होता. मी म्हटलं, द्या. त्यांनी दिला. माझ्या पट्ट्या त्या रंगाखाली गेल्या आणि मला त्या पुन्हा मोजून माराव्या लागल्या.

मग बाहेरच्या देशातल्या एका प्रतिष्ठानाची योजना दिसली. ती वाचताना मी पडवीत उठून उभी राहिले. संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी निधी. देखभालीसाठी, असंच लिहिलं होतं. नवीन काय, हा रकानाच नव्हता. त्याऐवजी विचारलं होतं: हे कोण सांभाळतं, आणि कसं?

मी तो अर्ज जीव ओतून लिहिला. आत्याबद्दल लिहिलं, उघाडीबद्दल लिहिलं, गावकीबद्दल लिहिलं. इंग्रजीत लिहिलं. 'बांधाची सगळी कामं गावकरी भांगातच करतात. उघाडी सांभाळणारी स्त्री गेली सहा वर्षं न चुकता भांगाच्या नोंदी ठेवते आहे. तिच्या भांगाशिवाय हे सॉफ्टवेअर उभंच राहिलं नसतं.' उधाणाचा अर्थ मी कंसात दिला होता. भांगाचा दिला नाही. तो आमच्याकडे इतका रोजचा शब्द आहे की त्याला अर्थ द्यायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. मराठीत भांगात म्हटलं की पाणी आणि भांगेत म्हटलं की नशा, एका मात्रेचं अंतर आहे. इंग्रजीत गेल्यावर त्या बिचाऱ्याचं लिंग गळून पडलं.

अर्ज पहिल्या फेरीतून पुढे गेला. मुलाखत व्हिडिओवर होती. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुपारी दार लावून बसले. पलीकडे तिघं होती. बोलत होत्या त्या पांढऱ्या केसांच्या एक बाई, आवाज फार मायाळू. त्यांनी तांत्रिक प्रश्न पाच मिनिटांत आटोपले आणि मग विचारलं, "त्या बाई आता कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं.

"त्यांना कुणाची काही मदत मिळते का?"

मला भरून आलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, कुणाची नाही, पूर्वी गाव थोडं बघायचं, आता तेही नाही. हे त्यांच्याकडे वडिलांकडून आलं.

"म्हणजे घराण्यातच आहे."

"हो. तीन पिढ्या. मीही लहानपणापासून त्यांच्याबरोबर जाते."

बाईंनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. त्याने विचारलं, हे रोज असतं का? मी म्हटलं, नाही नाही, भांग महिन्यातून दोनदा येतो, चार-पाच दिवस राहतो. पूर्वी त्या दिवसांत घरटी एक माणूस बांधावर यायचाच, न येणाऱ्याला गावकी दंड करायची. आता कमी झालंय, हल्लीच्या लोकांना त्याची गोडी राहिली नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याने विचारलं, आणि त्या अवस्थेत लोक यंत्रं हाताळतात? मी म्हटलं, यंत्रं कुठली, फावडी आणि घमेली.

बाई म्हणाल्या की मी फार मोकळेपणाने बोलले, त्यांना त्याचं कौतुक वाटतं. मी घरी येऊन आईला सांगितलं, काम झालं.

दहा दिवसांनी पत्र आलं. प्रकल्प उत्तम आहे. मात्र त्यात अमली पदार्थांच्या प्रभावाखालील व्यक्तींकडून माहिती गोळा केली जात असल्याने मान्यताप्राप्त नैतिकता समितीचं प्रमाणपत्र जोडावं. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मुलाखतीतला एकेक प्रश्न आठवायला लागला आणि मी हसत सुटले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी तिला सांगितलं की परदेशात आपलं सगळं गाव भंगड ठरलं आहे, आत्या सगळ्यात मोठी. आई हसली. आत्याही हसली, म्हणाली, "मना येकदा तरी पाजा मंग."

मी लगेच खुलासा पाठवला. मायाळू बाईंचं स्वतःहून उत्तर आलं. त्या मनापासून ओशाळल्या होत्या, आणि त्यांनाही फार हसू आलं होतं. पण मूल्यमापनाचा शेरा नोंदवला गेला होता. शेरा काढायचा अधिकार त्यांना नव्हता. प्रमाणपत्र आलं की तो आपोआप मिटणार होता, किंवा मग पुढच्या वर्षीच्या फेरीत नवा अर्ज करायचा. मी कॉलेजात विचारलं. आमच्याकडे नैतिकता समिती नव्हती. ज्या मोठ्या संस्थेकडे होती तिथल्या कारकुनाने फोनवर नीट ऐकून घेतलं आणि म्हटलं, मॅडम, तुमच्या प्रकल्पात नशा करणारी माणसं नाहीत ना, मग नशा करणाऱ्यांबद्दलचं प्रमाणपत्र आम्ही तुम्हाला कसं देणार? तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं. त्या दोन महिन्यांत माझ्याशी कुणीच वाईट वागलं नाही, कुणीच मूर्खपणा केला नाही, आणि तरी मला कुठूनही बाहेर पडता येत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात कॉलेजने कळवलं की जूनपासून माझे तास नाहीत. विद्यार्थी कमी झाले होते. आईची गुडघ्याची औषधं चालू होती, आणि घरात पगार आणणारी मी एकटी. न्हावा शेव्याला कंटेनरांच्या हालचालींचा माग ठेवणारी एक कंपनी आहे, तिथे मी आधीच मुलाखत दिली होती. त्यांनी होकार कळवला. करारात एक कलम होतं: नोकरीत असताना तुम्ही जे काही सॉफ्टवेअर लिहाल ते कंपनीचं, आणि बाहेरचं कुठलंही काम करायचं नाही. मी तिथल्या मुलीला विचारलं, माझं एक जुनं संशोधनाचं काम आहे, ते वगळता येईल का? तिने प्रेमळपणे विचारलं, "त्यातून तुम्हाला काही मिळतं का?"

"नाही."

"मग सोडायला काय हरकत आहे?"

मी सही केली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली: या प्रकल्पाची देखभाल आता होत नाही. ती ओळ लिहून मी उठले, तर आत्या दारात साखळीला लावायचं ग्रीस बोटाला पुसत उभी होती. तिला काय सांगायचं? की जे तू कधी सोडलं नाहीस ते मी सहा वर्षांत सोडलं?

वडखळच्या नाक्यावरून कंपनीची बस मिळते. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. काम अवघड नव्हतं, माणसं चांगली होती, पगार एक तारखेला यायचा. मला तिथे बसल्या जागी गुदमरल्यासारखं व्हायचं, आणि त्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. ज्याला पगार मिळतो त्याने गुदमरल्याचं कुणाला सांगायचं असतं?

लावणी संपली होती. मी कंपनीत डबा उघडून बसले होते तेव्हा आत्याचा फोन आला. ती दुपारी कधी फोन करत नाही.

"बाय, तुजा फोन बोलतो वारा न्हाय. पानी दोन पट्ट्या खाली राहील बोलतो. मंग ह्यो काय आलाय?" तिच्या मागे वारा फोनमध्ये नुसता फडफडत होता.

मला क्षणात कळलं काय झालं असणार. ज्या संस्थेकडून वाऱ्याच्या नोंदी येत होत्या, तिने फाइलची मांडणी बदलली असणार. माझ्या सॉफ्टवेअरला वाऱ्याचा आकडा सापडला नाही की ते शून्य धरतं. हे मीच तसं लिहून ठेवलं होतं, आळसाने, एमएस्सीला असताना. म्हणजे फोन सांगत होता की पाणी शांत आहे, झडप अजून अर्धा तास उघडी ठेवा, शेतातलं पाणी जाऊ द्या. आणि उधाण होतं, आणि वारा नैर्ऋत्येचा होता.

"आते, झडप कुठे आहे?"

"वरती हाय. फोन बोलला अजून वेल हाय."

"फोन सोड. आज तिथी काय?"

ती म्हणाली, "परवा पुनव झाली." मग मला तिचं बोटं मोजणं ऐकू आलं, ती पुटपुटत होती, दुजेची पाऊणपट, दीड. बारावर दीड. मी घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. नैर्ऋत्येचा वारा पाणी आधी आणतो आणि वर आणतो, हे मला तिनेच शिकवलं होतं.

"पाड, आते."

फोन तिने कापला नाही, नुसता कुठेतरी ठेवला. मला साखळीचा आवाज ऐकू येत होता. मी डब्यासमोर बसून तो ऐकत राहिले. माझ्या शेजारच्या मुलाने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी मान हलवली.

झडप पडली, पण पुरती बसायच्या आत पाणी आलं होतं. दोन खाचरांत खारं पाणी शिरलं. एक आमचं, एक शेजारच्यांचं. आठ दिवसांत लावणी पिवळी पडली. शेजारी काही बोलले नाहीत. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

मी आत्याला विचारलं, तुला वारा अंगाला लागत होता, वास येत होता, मग फोनचं का ऐकलंस?

"फोनमंदी तूच हायेस नव्हं?" ती म्हणाली.

यानंतर मी जे केलं ते करारात बसत नाही. हे छापून आल्यावर कंपनीत कुणी वाचेल का, असा विचार मी करून पाहिला. तिथे मराठी पुस्तक वाचणारे तिघे आहेत आणि तिघेही माझ्यासारखेच पगाराला बांधलेले आहेत.

त्या रविवारी मी आत्याच्या फोनवर तिच्या नावाचं ईमेल खातं उघडलं आणि सॉफ्टवेअरचा ताबा त्या नावावर केला. ती शेजारी बसून वाल सोलत होती. कशाला, तिने विचारलं. मी म्हटलं, सही लागते. माझं नाव सगळीकडून काढून टाकलं. सहा वर्षांचं काम, पण नाव काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. वाऱ्याची ती ओळ दुरुस्त केली. वारा सापडला नाही तर आता ते आकडाच देत नाही. लिहून येतं की तिथी मोजा. देखभाल होत नाही, ही ओळ पुसली. देखभाल कोण करतं, या रकान्यात आत्याचं नाव लिहिलं.

तेव्हापासून मी ते काम आत्या म्हणून करते. बंगालमधल्या संशोधकाला उत्तरं देते ती आत्या म्हणून. पहिल्यांदा मी आपोआप लांबलचक लिहिलं, मग खोडून दोन ओळींत संपवलं, कारण आत्या तेवढंच बोलली असती. पुढच्या फेरीला प्रतिष्ठानाकडे मी अर्ज केला नाही. आत्याच्या नावाने केला असता तर ओळखपत्र लागलं असतं, मुलाखत लागली असती, आणि माझ्या नावाने करायला माझ्याकडे आता काही नव्हतं. बस वडखळला सोडते, मी घरी येते, चहा घेते आणि तिचा फोन घेऊन पडवीत बसते. महिन्यातून दोनदा, भांगात. माझ्या कामाचा भांगाशी काही संबंध नाही, पण त्या दिवसांत आत्याला पाण्याची धास्ती नसते आणि फोन मिळतो.

गेल्या महिन्यात त्या खात्यावर बंगालहून एक पुस्तिका आली. त्यांच्या गटाचं काम पूर्ण झालं होतं, त्यांना पुढच्या चार वर्षांचा मोठा निधीही मिळाला होता, नवीन सॉफ्टवेअर बनवायला. ते वाचून मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. शेवटच्या पानावर आभार होते. त्यात आत्याचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट.

आत्या समोर साखळीच्या कड्या तपासत बसली होती. "काय आलाय?" तिने विचारलं.

"तुझे आभार मानलेत, आते. पुस्तकात. बंगालमधल्या लोकांनी."

"माजं? मी काय केलाय?"

मी छापलेलं वाक्य तसंच मराठीत केलं. "इतकी वर्षं, कुठल्याही मोबदल्याशिवाय, हे सांभाळून ठेवल्याबद्दल."

तिचा ग्रीसचा हात तसाच गुडघ्यावर होता. तिने बांधाच्या दिशेला पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचे डोळे भरलेले मला दिसले. आजोबा गेले तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"बंगालात कसा कलला त्याना?" ती म्हणाली. "इकडं तर कोनी इचारला पन न्हाय."

ते तिच्याबद्दल बोलत नव्हते, हे सांगायला मी तोंड उघडलं. मग मला कळेना की ते कुणाबद्दल बोलत होते. मी तिला ते वाक्य पुन्हा वाचून दाखवलं, तिने सांगितलं म्हणून, आणि तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिने घड्याळाकडे बघून साखळी उचलली. भरतीची वेळ झाली होती.